नारिंगी ओढ्याचा नमुना घेताना: माझा अनुभव

अलास्काच्या ब्रुक्स पर्वतरांगेतले नितळ ओढे नारिंगी होत चालले आहेत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 75 जागा नोंदल्या आहेत. पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) वितळला की खडकातल्या पायराइटपर्यंत (लोह-गंधकाच्या खनिजापर्यंत) पाणी आणि प्राणवायू पोहोचतो, सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि लोहाबरोबर जस्त, निकेल, तांबं, कॅडमियमही पाण्यात उतरतं. एरवी सामू (pH; जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) 8 च्या आसपास असतो तिथे 2.3 इतका कमी सामूही मोजला गेलाय.

आम्ही पहिल्यांदा शिकलो ते हे, की रंगावर विसंबायचं नाही. झऱ्याच्या तोंडाशी पाणी पुष्कळदा काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण तीव्र आम्लधर्मी पाण्यात लोह विरघळलेलंच राहतं. काठची शेवाळं काळी पडून मेलेली दिसली तर तिथेच थांबून नमुना घ्यायचा. नारिंगी साका बसतो तो खाली, दुसऱ्या ओढ्याचं पाणी मिळून सामू चढल्यावर. म्हणून नमुने तीन जागचे: झरा, संगमाच्या वर, आणि खाली दोन्ही पाणी पुरतं मिसळल्यावर.

सामूमापक काठावरच 4 आणि 7 च्या बफरने (सामू ठरलेल्या द्रावणाने) जुळवायचा, झऱ्यासाठी 2 चाही घ्यायचा. बफरच्या बाटल्या आधी ओढ्यात बुडवून गार करतो. थंड पाण्यात आकडा सावकाश स्थिरावतो. घाईत वाचला तर चुकतो.

सगळ्यात नाजूक काम गाळण्याचं, आणि ते तिथल्या तिथेच व्हायला हवं. बाटलीत राहिलं की लोह हवेने ऑक्सिडाइज होऊन साक्यात बसतं, सोबत इतर धातूही ओढून नेतं; मग प्रयोगशाळेत पाणी आहे त्याहून स्वच्छ ठरतं. 60 मिलीची सिरिंज, 0.45 मायक्रॉनचा फिल्टर, पहिले 10–20 मिली फेकून द्यायचे. साका दाट असेल तर फिल्टर लगेच तुंबतो. जोर लावला की पडदा फाटतो, म्हणून फिल्टर बदलायचा. जादा फिल्टर भरपूर न्यावेत. न गाळलेली बाटलीही भरायचीच, कारण माशांच्या कल्ल्यांवर आणि तळाच्या किड्यांवर साकाही बसतो.

धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणायचा. छोट्या विमानातून आम्ल नेता आलं नाही तर प्रयोगशाळेत त्याच बाटलीत घालून किमान 16 तास ठेवायचं, म्हणजे भिंतीला चिकटलेलं परत विरघळतं. सल्फेटची बाटली बिनआम्लाची. कॅल्शियम, मॅग्नेशियमही मोजायला सांगावं. पाणी मृदू असेल तर जस्त आणि कॅडमियम माशांना जास्त बाधतं.

प्रवाह मोजला नाही तर हे आकडे अर्धवटच. जस्त लिटरला 100 मायक्रोग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला 500 लिटर, म्हणजे दिवसाला 4.3 किलो जस्त खाली जातं.

आपल्याच हातून धातू मिसळत नाही ना हे पाहायला रोज एक बाटली आयन काढून टाकलेल्या शुद्ध पाण्याची, तीच सिरिंज, तसाच फिल्टर. तिच्यात जस्त सापडलं तर आधी हातमोजे तपासा. पावडर लावलेल्या मोज्यांतून जस्त येतं, आणि मग त्या दिवसाचे जस्ताचे आकडे आम्ही वापरत नाही.