बाथरूममधली डार्करूम: अंधार सोपा, पाणी अवघड

घरात डार्करूम, म्हणजे फिल्म डेव्हलप करायची आणि फोटो छापायची अंधारी खोली, म्हटलं की सगळे आधी अंधाराचंच विचारतात. अंधार काय, होतो. आमच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटमधल्या दुसऱ्या बाथरूमची खिडकी मी आतून काळ्या प्लॅस्टिकने बंद केली, दाराच्या फटीत जुनी सतरंजी खोचली आणि स्टूल टाकून नुसती बसून राहिले. डोळे सरावले की उजेड कुठून येतोय ते कळतंच. एक्झॉस्ट फॅनच्या पट्ट्या मला अपेक्षित होत्या, गीझरचा इवलासा लाल दिवा नव्हता. पण फिल्म डेव्हलप करायच्या डब्यातल्या रीळावर चढवताना तोही नको. एचपी-५ सारख्या कृष्णधवल फिल्मला लाल उजेडही दिसतो. म्हणून गीझरच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी.

प्रिंटच्या कागदाला मात्र लाल दिवा चालतो. तरी दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. दिव्याखाली कागदाचा तुकडा ठेवायचा, वर एक रुपयाचं नाणं, पाच मिनिटं थांबायचं आणि तुकडा डेव्हलप करायचा. करड्यात पांढरा गोल उमटला तर दिवा बाद. त्याआधी कागदाला एन्लार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) अगदी फिका करडा येईल एवढाच उजेड दाखवला, तर परीक्षा आणखी कडक होते.

एन्लार्जर साताऱ्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आला, ५० मिमी लेन्ससकट. तो बसतो वॉशिंग मशीनवर, आणि ट्रे कमोडवर आडव्या टाकलेल्या फळीवर. कोरडं एका बाजूला, ओलं दुसऱ्या बाजूला, एवढा एक नियम पाळला तर बाकीची अडचण सोसता येते. सासूबाईंची अट एकच: सगळ्यांच्या आंघोळी आटपल्याशिवाय ट्रे बाहेर काढायचे नाहीत.

आता पाणी. डी-७६, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण (डेव्हलपर), मी घरीच बनवते. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. पाणी साधारण ५० अंशांचं, आणि मेटॉल आधी, कारण सल्फाइट पडल्यावर ते विरघळायला कुरकुरतं. (चिमूटभर सल्फाइट सगळ्यात आधी टाकलं तर हरकत नाही, उलट बरं.) हातात मोजे हवेतच, मेटॉलने कातडीला खाज सुटते. स्टॉप बाथला, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवायला, चायनीजच्या गाडीवर असतं तसलं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून.

फिल्म डेव्हलप करायच्या वेळांचे सगळे तक्ते २० अंशांसाठी लिहिलेले. डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळलं तर एचपी-५ ला ११ मिनिटं. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात चहाच तेवढा करायचा बाकी असतो. बर्फाने २० वर आणता येतं, पण टिकत नाही. फिल्मचा बंद डबा, म्हणजे टँक, दर मिनिटाला उलटासुलटा करताना हाताची ऊबसुद्धा लागते. मी तो हट्ट सोडला. माठातलं पाणी माझ्याकडे २४-२५ अंशांवर स्थिर असतं, म्हणून २४ धरायचे आणि वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास आणायची. डेव्हलपर, व्हिनेगर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुवायचं पाणी अशा सगळ्या बाटल्या माठाच्या पाण्याने भरलेल्या एकाच टबात आधीपासून उभ्या करून ठेवायच्या. एकातून दुसऱ्यात जाताना तापमान फार बदललं तर इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) सुरकुत्या पडतात, आणि त्या मग निघत नाहीत.

आमच्याकडे टँकरचं जड पाणी. फिल्म तशीच वाळवली की वर क्षारांचे ठिपके. शेवटचं विसळणं त्यामुळे गाडीच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात, पाणी ठिपके न ठेवता ओघळावं म्हणून फोटो-फ्लोचे दोन थेंब टाकून.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, ते मोरीत ओतू नये. मी कॅनमध्ये साठवते आणि त्यात स्टील वूल टाकून ठेवते. लोखंड विरघळतं, चांदी खाली बसते.

फायबर पेपर, म्हणजे प्लॅस्टिकचा लेप नसलेला प्रिंटचा कागद, देखणा असतो, कबूल. पण तो नुसत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो, प्लॅस्टिकचा लेप असलेल्या आरसी पेपरचं दोन मिनिटांत भागतं. सोसायटीत टँकरच्या वर्गणीवरून भांडणं चालू असेपर्यंत मी आरसीच वापरणार.