तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राखालची दरड कशानं सुटते?

"घाटात दरड कोसळते ती पावसानं. समुद्राखाली सगळं आधीच भिजलेलं, मग तिथली दरड कशानं सुटते?" फोंड्याच्या एका शाळेत नववीतल्या मुलीनं मला हे विचारलं होतं. नंतर हाच प्रश्न जत्रेत, लग्नाच्या पंगतीत, फेरीबोटीत कितीदा आला. समुद्रतळाचा गाळ तपासणं हे माझं काम, म्हणून तुम्हीही विचारता. आणि विचारतानाच एक उत्तर मनाशी धरलेलं असतं: भूकंप.

भूकंप खराच. 18 नोव्हेंबर 1929 ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला, खंडाच्या कडेचा समुद्रतळ जिथं खोल उतरत जातो त्या खंडान्त उतारावरचा गाळ सुटला, सुनामीत 28 जीव गेले. अटलांटिकच्या तळावरच्या 12 टेलिग्राफ केबल तुटल्या. जवळच्या लगेच, खोलातल्या मात्र पुढच्या काही तासांत एकामागून एक. कुठली केबल किती वाजता मुकी झाली याची नोंद होती, म्हणून 1952 मध्ये हीझन आणि यूइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांना गाळाच्या त्या लोंढ्याचा वेग काढता आला.

पण मोठा भूकंप येऊन जातो आणि उतार जागचा हलत नाही, असंही घडतं. सतत हादरे बसणाऱ्या काही उतारांवरचा गाळ तर दर हादऱ्याला थोडं पाणी सोडून आणखी घट्ट होतो. म्हणून मला आधी विचारावंसं वाटतं, उतार इतका कमजोर झाला कसा?

माझे आजोबा खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध घालताना चिखल एकदम चढवू द्यायचे नाहीत. एक थर पाणी सोडून बसला, की मगच दुसरा. घाई झाली तर बांध फुगून रात्रीत बाजूला बसायचा. त्यांच्या त्या हट्टाचं कारण मला पुढे प्रयोगशाळेत कळलं. गाळाचे कण एकमेकांवर टेकलेले असतात आणि त्या घर्षणावर उतार उभा असतो. वरून भराभर भर पडली आणि बारीक मातीतून पाण्याला निसटायला वाट मिळाली नाही, तर नवं ओझं कणांऐवजी पाण्यावर येतं. पाण्याचा दाब चढतो, कणांची पकड सुटत जाते. मग एखाद्या अंशाचा उतारही पुरतो. अनमोड घाटाचे कडे पाहिलेल्या माणसाला हे पटत नाही, पण समुद्राखाली सपाट वाटावी अशी जमीनही सुटते.

नॉर्वेजवळची स्टोरेगा दरड अशीच. हिमयुगात हिमनद्यांनी मऊ चिकणमातीवर गाळाचे ढीग ओतले, खालचं पाणी अडकून दाबलं गेलं. बर्फ वितळल्यावर हलकी झालेली जमीन वर येऊ लागली, तिच्याबरोबर भूकंप आले, आणि सुमारे 8,200 वर्षांपूर्वी उतार गेला. आधी संशय गॅस हायड्रेट, म्हणजे गाळात बर्फासारखा गोठलेला वायू, वितळल्याचा होता. पण ओझं आणि पाण्याचा दाब यांचा हिशेब जास्त जुळला.

हे शोधताना सगळ्यात कस लागतो तो दरड कधी सुटली ते ठरवताना. दरडीच्या व्रणावरून काढलेला कोअर, म्हणजे नळीतून काढलेला गाळाचा उभा नमुना, उघडला, की वर लोण्यासारखा मऊ चिखल आणि त्याखाली एकदम बोट न रुतणारी माती. एके काळी कित्येक मीटर गाळाखाली दाबली गेल्याशिवाय ती इतकी घट्ट होत नाही; तो गाळ गेला, घट्टपणा राहिला. मग मऊ थराच्या अगदी तळातले फोरामिनिफेरा, म्हणजे सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं, कुंचल्यानं एकेक वेचायचे आणि रेडिओकार्बननं त्यांचं वय काढायचं. त्यावरून कळतं ते एवढंच, की दरड याच्या आधीची. कधी त्यात शतकंही इकडेतिकडे होतात. एवढ्या काळात भूकंप अनेक होऊन जातात. त्यांतल्या एकाच्या माथी दोष मारायला माझा हात धजत नाही.

आपल्या अरबी समुद्रातही अशी एक प्रचंड दरड आहे. तिचं नाव नटराज, वय सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षं, आकार अंदाजे 19,000 घन किलोमीटर. 2015 मध्ये लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन किलोमीटर पाण्याखाली वेधन झालं, तेव्हा तिच्यातून उथळ समुद्रात घडलेल्या चुनखडकाचे तुकडे वर आले. फोंड्याच्या त्या मुलीला मी हे सांगितलं, तर तिनं लगेच विचारलं, "तो खडक तिथवर पोचायला किती तास लागले? तेव्हा तर केबल नव्हत्या."