पावसात गाडीने गोवा: जाताना आंबोली, येताना चोर्ला, आणि पार्किंग सेन्सरबद्दल थोडं

जुलैमध्ये स्वतःची गाडी घेऊन गोव्याला जायचं म्हटलं की घरातले आधी दरड, धुकं, घाट सगळं ऐकवतात, आणि ते खोटं नाही, पण आम्हाला कवळ्याला शांतादुर्गेला जायचंच होतं, सासूबाईंची कुलदेवता आहे, आणि पावसाळ्यातला गोवा मला डिसेंबरपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. कोल्हापूरहून निघालो, मी, नवरा, सासूबाई आणि आमचा मुलगा. गाडी साधी हॅचबॅक, मागे चार सेन्सर आणि कॅमेरा, चालवायला बहुतेक वेळ मीच. बरेच जण विचारतात की पावसात हे सेन्सर-कॅमेरा कितपत कामाला येतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांना जायचंय त्यांनी निघायच्या आधीच वाचा.

संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा आणि मग आंबोली. आजऱ्यापर्यंत रिपरिप होती, आंबोली जवळ आली तसं धुकं असं उतरलं की समोरच्या ट्रकचे लाल दिवे सोडून काही दिसेना. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव आहे ते, तिथे हे रोजचंच. धुक्यात अपर, म्हणजे लांबवर जाणारा उजेड, लावू नका, उजेड धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपर (खाली, जवळ पडणारा उजेड) आणि असतील तर फॉग लॅम्प एवढंच पुरे. आणि चारी इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवायची जी सवय आपल्याकडे आहे ती कृपा करून सोडा. मागच्याला कळतच नाही की तुम्ही वळताय, थांबलाय की चाललाय. चारी इंडिकेटर गाडी उभी असताना, चालत्या गाडीला नाही.

आता काचेचं. कोकणात पावसाळ्यात काच दोन बाजूंनी धुरकट होते आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे हे खूप जणांना माहीत नसतं. आतून धुरकटली तर ती आपल्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ, त्याला एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडायची आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण लावायचं, मिनिटभरात साफ. पण काच एसीने फार गार झाली असेल तर बाहेरच्या दमट हवेचं पाणी बाहेरून काचेवर बसतं, तेव्हा आतून कितीही पुसा काही होत नाही. वायपर एकदा फिरवा आणि एसीचं तापमान वाढवा. घाट उतरून दाणोलीला आलो तेव्हा नेमकं हेच झालं, वर गारठा होता आणि खाली एकदम उबारा, नवरा आतून फडक्याने पुसतोय पुसतोय, मी वायपर मारला आणि लख्ख झाली.

घाट उतरताना दुसरा गिअर, फार तर तिसरा, इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक अधूनमधून. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत त्यांच्यात दम उरत नाही. समोरून चढणारी गाडी आली तर वाट तिला द्यायची, नियमही तोच आहे. धबधब्यापाशी गर्दी होती, लोक रस्त्यातच सेल्फी काढत होते, आम्ही थांबलो नाही. डोंगर कापून केलेल्या ओल्या भिंतीखाली गाडी लावायची नाही हे माझं पक्कं आहे, आणि वरून बारीक दगड सुटत असतील किंवा डोंगरातून येणारं स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं असेल तर तिथून निघायचं, फोटो राहू देत.

बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरलं की एनएच ६६ चांगला रुंद आहे, आणि म्हणूनच तिथे जास्त सांभाळावं लागतं कारण स्पीड कधी वाढतो कळत नाही. जोरदार पावसात रस्त्यावर पाण्याचा थर असतो आणि टायरच्या खाचा ते पाणी बाहेर फेकायला कमी पडल्या की टायर पाण्यावर तरंगायला लागतं, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी जोरात ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं, टायर परत रस्ता पकडतं. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, पावसात बंदच ठेवा. टायरच्या खाचांची कायदेशीर मर्यादा १.६ मिलीमीटर आहे पण पावसाळ्यासाठी ती फार कमी, माझ्या मते ३ च्या खाली गेलं की बदलून टाकावं. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर घाटात जाऊच नका.

आता सेन्सर. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या प्रवासी कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत त्यामुळे नव्या गाड्यांत ते असतातच, पण ते काय बघतात हे कुणी समजावून सांगत नाही. बंपरवरचं ते बटणासारखं गोल असतं ना, ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतं, ४० किलोहर्ट्झ किंवा त्याच्या थोडं वर, आणि तो कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. मीटरभर लांबच्या भिंतीवरून प्रतिध्वनी यायला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. साधारण दीड मीटरपासून बीप सुरू होतो आणि ३० सेंटीमीटरच्या आसपास सलग वाजायला लागतो. सलग वाजला म्हणजे थांबायचंच, कारण त्याहून जवळ आल्यावर सेन्सरचा स्वतःचाच पडदा अजून थरथरत असतो आणि त्यात परत आलेला आवाज त्याला नीट कळत नाही.

यातच त्याची मर्यादा आहे. त्याला आवाज परत पाठवणारं काहीतरी समोर लागतं. भिंत, गाडी, जाड खांब, सगळं सांगतो. बारीक लोखंडी सळई, तार, बंपरपेक्षा बुटका दगड, तिरकी बाजू, हे बऱ्याचदा चुकतं. आणि जिथे काहीच नाही, म्हणजे गटार, खड्डा, रस्त्याची तुटलेली कड, पाणी, तिथून आवाज परतच येत नाही, म्हणून सेन्सर गप्प. गप्प म्हणजे मोकळं असं आपण धरतो आणि गोव्याच्या पावसात नेमका तिथेच घात होतो.

कारण गोव्यातल्या गावांचे रस्ते आठवा. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाची कुंपणाची भिंत, शेवाळाने हिरवीगार झालेली, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढं डांबर. जुलैत त्या गटारावर गवत वाढतं आणि वर पाणी भरतं, की रस्ता कुठे संपला ते दिसतच नाही. आमच्या मुक्कामाच्या घराच्या गल्लीत आमच्या आधी एक पर्यटकांची गाडी आली होती, ती रिव्हर्स घेताना मागचं डावं चाक अख्खं गटारात, पुढचं उजवं चाक हवेत. ड्रायव्हर बिचारा सारखं म्हणत होता, सेन्सर वाजलाच नाही हो. वाजणार कसा. वाड्यावरची सात-आठ माणसं जमली, चिऱ्याचे तुकडे चाकाखाली सारले, दोरी लावली आणि उचलून काढली, कुणी पैसे घेतले नाहीत.

मग आमची पाळी. आमच्या घरमालकीण आजी छत्री घेऊन अंगणातून रस्त्यावर आल्या आणि गाडीच्या मागे नाही तर बाजूला, मला आरशात दिसतील अशा उभ्या राहिल्या. मी अर्धी आत गेले तोवर ओरडल्या, "राव, राव! फाटीं गटार आसा!" म्हणजे थांब, मागे गटार आहे. थांबले. सेन्सर उजव्या बाजूच्या गडग्यासाठी बीप बीप करत होता आणि डाव्या बाजूला वीतभर अंतरावर गटार होतं ज्याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता. नवरा उतरला, छत्रीच्या टोकाने गवत चाचपलं, कड दाखवली, त्या कडेवर एक पांढरा दगड ठेवला आणि मग मी गाडी आत घेतली. असा माणूस बाहेर उभा करायचा असेल तर काच खाली करा, रेडिओ बंद करा, आणि आधीच ठरवा की तो आरशात दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबणार.

रिव्हर्समध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की गाडीचं नाक बाहेर झुकतं, आणि मागच्या सेन्सरला पुढच्या कोपऱ्याचं काहीच माहीत नसतं. आसगाव किंवा पणजीच्या फोंतैन्याशच्या बोळांत गाड्यांना जे ओरखडे पडतात ते पुष्कळदा असे पुढच्या कोपऱ्याला असतात. कॅमेऱ्याच्या रंगीत रेषांवरही चढावर भरवसा ठेवू नका, त्या सपाट जमिनीसाठी आखलेल्या असतात. मागे चढ असेल तर वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते.

पावसाचं पाणी आणि लाल चिखल, हे सेन्सरचे खरे शत्रू. थेंब साचला किंवा चिखल वाळून बसला की एकतर मागे काही नसताना सलग वाजतो नाहीतर अजिबात वाजत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. मी गाडीच्या दारात एक मऊ फडकं ठेवलेलं होतं, गाडीत बसायच्या आधी चार सेन्सर, कॅमेऱ्याचं भिंग, मागचे दिवे, एवढं पुसायचं, आणि हे काम मुलाकडे दिलं होतं, त्याने ते फार मन लावून केलं. सेन्सर चालू आहेत का बघायचं असेल तर गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन आणि गिअर रिव्हर्स, मग एकाने मागे जाऊन प्रत्येक सेन्सरजवळ कान न्यायचा, बारीक टिकटिक ऐकू येते. (ऑटोमॅटिकवाल्यांनी हे करताना ब्रेकवरचा पाय काढायचा नाही.) बाहेरून बसवून घेणार असाल तर बऱ्याच सेन्सरवर वरच्या दिशेचा बाण असतो तो वरच आहे ना बघून घ्या, उलटा बसला तर तो रस्त्यालाच अडथळा समजत राहतो.

देवीचं दर्शन शांत झालं, गर्दी नव्हती, देवळासमोरच्या तळ्यावर पाऊस पडत होता, सासूबाई खूप वेळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मंगेशी करून जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर फेरीबोटीने गेलो. गाडी फेरीत घालायची तर उतार ओला असतो, कडेला शेवाळ, बोटीचा रॅम्प पाण्याच्या भरती-ओहोटीप्रमाणे वर-खाली. रॅम्पचा चढ बघून सेन्सर उगाच कोकलतो, आणि ज्या बाजूला मांडवी नदी आहे तिकडे पूर्ण शांत. तिथे फक्त बोटीवरच्या माणसाचा हात बघायचा, तो सांगेल तसं, सरळ म्हणाला तर सरळ, रिव्हर्स म्हणाला तर रिव्हर्स. बाकीच्यांना आधी उतरवा, काचा खाली करा, बोटीत गेल्यावर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. रात्री अनोळखी धक्क्याकडे मॅपच्या भरवशावर जाऊ नका. मॅपवर रस्ता नदीपलीकडे सरळ जाताना दिसतो आणि गोव्यात गाड्या धक्क्यावरून थेट पाण्यात गेल्याच्या बातम्या आलेल्या आहेत, माणसं गेली आहेत. मला हे लिहितानाही पोटात कसंतरी होतं.

किनाऱ्यावर वाळूत गाडी नेऊ नका, बंदी आहे, आणि भरती आली की गाडी वाचत नाही. रात्री गुरं रस्त्यावर बसलेली असतात, काळं जनावर काळ्या ओल्या डांबरावर लाइट पडेपर्यंत दिसत नाही, त्यामुळे अंधार पडल्यावर आम्ही गाडी काढलीच नाही. माडाखाली गाडी लावू नका, नारळच नाही तर नुसती झावळी पडली तरी काच जाते.

येताना साखळी, केरी, मग चोर्ला घाट. केरीच्या पुढे एका ठिकाणी व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी रस्त्यावरून वाहत होतं. आम्ही थांबून आधी पुढची बस जाऊ दिली, तिचं चाक किती बुडतंय ते पाहिलं, पाव चाकसुद्धा नव्हतं, मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, मधे गिअर न बदलता पार केलं आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे केले. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर परत फिरा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगवू शकतं. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर परत स्टार्ट मारू नका, इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं तर आतले रॉड वाकतात, ढकलूनच बाहेर काढा. पाणी वाढत असेल तर गाडी सोडा, माणसं आधी बाहेर, आणि ११२ ला फोन.

कणकुंबीला गरम चहा मिळाला. जांबोटीकडे रस्त्यात खड्डे पाण्याने भरलेले, खोली कळत नाही, तिथे पुढच्या गाडीच्या मागे पुरेसं अंतर ठेवून तिचं चाक कुठे आपटतंय ते बघत बघत आलो. बेळगावात पोचून गाडी धुवायला दिली तेव्हा पोराने प्रेशरचा पाइप थेट बंपरला लावला, त्याला सांगितलं की सेन्सर आणि कॅमेऱ्यावर तो जवळून मारायचा नाही, आतलं सील जातं, तिथे साध्या पाण्याने चिखल भिजवून फडक्याने पुसायचं. तुम्हीही सांगा, धुणाऱ्यांना बहुतेक हे माहीत नसतं.