रिकामी वाटी

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात शेजारून काही घेऊन आलेली वाटी रिकामी परत गेल्याचं मला आठवत नाही. घरात काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर तरी घालायची.

हे आठवायचं कारण वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. आईच्या पाककृतींची एक साइट मी त्यावर चालवतो. वाचकांचे अभिप्राय येतात, तेही पेठेला शोभणारे: 'कटाची आमटी पातळ वाटते. कृती पुन्हा तपासावी.' २००४ साली वर्डप्रेसच्या १.२ आवृत्तीत प्लगइनची, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांची, सोय आली. तेव्हापासून मूळ कोडला हात न लावता त्यात आपलं फंक्शन, म्हणजे एखादं काम करणारा कोडचा तुकडा, अडकवता येतं. अडकवायच्या त्या खुंट्या म्हणजे हुक. त्यांच्या जाती दोन. ॲक्शन ही दाराची कडी: अभिप्राय नोंदला गेला की वाजते, तुम्हाला जे करायचं ते करा, उत्तरासाठी कुणी थांबत नाही. फिल्टर मात्र हातात वाटी देतो, वाटीत मजकूर, आणि ती परत मिळेपर्यंत दारातून हलत नाही. परत येईल तेच पुढे जातं. एकाच खुंटीवर अनेक फंक्शनं असली तर नळासारखी रांग. प्रत्येकाला क्रमाचा आकडा देता येतो: लहान आकड्याचा आधी, आणि आकडा सांगितलाच नाही तर तुमचा नंबर १०.

लोक एका वाक्यामागे चार-चार उद्गारचिन्हं ठोकतात, याचा मला भारी राग. म्हणून अभिप्राय दाखवताना लागणाऱ्या फिल्टरवर मी एक छोटं फंक्शन अडकवलं: कितीही चिन्हं असोत, एकच दाखवायचं. केलं, आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर वाचकांची नावं जागच्या जागी, तारखा जागच्या जागी, मजकूर मात्र सगळ्यांचा गायब. फंक्शनच्या शेवटी रिटर्न, म्हणजे मजकूर परत देणारी ओळ, लिहायचा राहिला होता. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा, अशा वेळी अडून बसत नाही, मुकाट्यानं 'नल', म्हणजे 'काहीच नाही', हातावर ठेवते. म्हणजे चक्क रिकामी वाटी.

तोवर कोथरूडहून एका आजोबांची मेल आली होती: 'माझा अभिप्राय गाळण्यात आला आहे काय? असल्यास कारण कळवावे.' नशीब, हा फिल्टर फक्त दाखवण्यापुरता. डेटाबेसमधला मूळ मजकूर शाबूत होता. एक ओळ घातली आणि सगळं परत आलं. आजोबांना तसं नम्रपणे कळवलं.

तासाभरात उत्तर: 'अभिप्राय दिसला. तथापि, मी उद्गारचिन्हे चार दिली होती.'