ओता वॉर्डातला बुश

चाकणच्या लाइनवरच्या एका जपानी मशिनचा बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची पोलादी बाही, झिजला आणि मशिन बनवणाऱ्या कंपनीने नव्या बुशसाठी आठ आठवडे मागितले. मी तेव्हा आमच्या टोकियो ऑफिसात होतो, त्यामुळे प्लँटवरचे सगळे फोन मला. शेजारच्या टेबलावरचा जपानी सहकारी ते ऐकून वैतागला असावा. म्हणाला, "उद्या सकाळी ओताला जाऊ."

ओता म्हणजे टोकियोच्या दक्षिण टोकाचा वॉर्ड. हानेदा विमानतळ याच वॉर्डात. पलीकडे तामा नदी, नदीपार कावासाकी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे नऊ हजारांच्या आसपास कारखाने होते. पुढे कामं चीनकडे गेली, पोरं ऑफिसच्या नोकरीला लागली, जागांवर फ्लॅट उभे राहिले. नवे रहिवासी आता आवाजाची तक्रार करतात. आज त्या कारखान्यांतले निम्मेही उरलेले नाहीत.

झोशिकी स्टेशनातून बाहेर पडून गल्लीत शिरलो. वर घर, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली अर्धं उघडं शटर आणि आतून कुलंटचा वास. भोसरीच्या कारखान्यांत उमेदवारी केलेल्या माणसाला पत्ता विचारायची गरज नव्हती.

मालकांना सगळे 'शाचो', म्हणजे कंपनीचे साहेब, म्हणत होते. वय सत्तरीपुढचं. त्यांनी ड्रॉइंग बघून नगाचा आकडा विचारलाच नाही. बुशमध्ये काय फिरतं, किती वेगाने, तेल कुठल्या बाजूने येतं, एवढंच विचारलं. मग पेन्सिलीने आतल्या कडेचा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, थोडा वाढवला आणि 'चालेल ना?' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. चालणारच होतं. जुना बुश तिथूनच खायला लागला होता.

मटेरियल आपल्या ईएन-३१ या बेअरिंगच्या पोलादाच्या जातीचं. ग्राइंडिंगपुरता माल ठेवून त्यांनी बुश टर्न केला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सायकलच्या टोपलीत टाकून निघाले. माल दाराबाहेर काढायचा कागद म्हणून मी सवयीने विचारलं, "चलान?" सहकाऱ्याने ते त्यांना सांगायचंसुद्धा टाळलं. हार्डनिंगवाला दोन गल्ल्या सोडून, ग्राइंडिंगवाला त्याच्या पुढे. एकाकडे फक्त लेथ, दुसऱ्याकडे फक्त भट्टी. महिनाअखेरीला आपापसांत हिशोब. ड्रॉइंगचं कागदी विमान करून गच्चीवरून सोडलं तर तयार पार्ट होऊन परत येतो, अशी इथली जुनी बढाई आहे. मला ती त्या दिवशी बढाई वाटली नाही.

दुपार भट्टीत गेली. ग्राइंडिंगवाले गृहस्थ शाचोंपेक्षाही वयस्क, एकटेच. बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, ४० मिलिमीटरचा. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ५ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोअर मारून झाल्यावर मी बोअर गेजकडे हात नेला, तर त्यांनी मान हलवली. बुश पुसला, लोखंडी सरफेस प्लेटवर ठेवला आणि चहा आणायला गेले. हिशोब साधा आहे: मापं २० अंशांवरची. एवढा पोलादी बुश दहा अंशांनी गरम असला की बोअर साडेचार मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे जवळजवळ सगळा टॉलरन्स तापमानानेच खाल्ला. पुस्तकात हे मीही शिकलो होतो. पण आमच्या शॉपवर पार्ट मशिनवरून उतरला की गेजवाला पोरगा टपलेलाच असतो, आणि दुपारी 'पास' झालेले जॉब सकाळी का अडकतात यावर मीटिंगा झडतात.

चहानंतर मोजला. काटा बँडच्या मधोमध.

असे आणखी वीस बुश लागतील म्हटल्यावर शाचोंनी ग्राइंडिंगवाल्या गृहस्थांकडे पाहिलं. ते काहीतरी पुटपुटले. मार्चअखेर ते शटर बंद करणार होते, मशिनसुद्धा विकली गेली होती. त्यानंतर आतल्या ग्राइंडिंगसाठी नदीपार कावासाकीला जावं लागेल, आणि "तिथला माणूस चांगला आहे, पण तो घाई करतो," असं शाचोंचं मत.

स्टेशनवर पोचायच्या आत मी पुण्याला परचेसमध्ये फोन लावला आणि वीसचे चाळीस करायला सांगितले. साहेब म्हणाले, एवढे कशाला, जस्टिफिकेशन काय लिहू? म्हटलं, आधी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढा, जस्टिफिकेशन मी रात्री मेल करतो.