आमची वाटचाल: नोंद ग्राहकाच्याच नावावर

सांगलीत 2006 साली आम्ही संकेतस्थळे तयार करून देण्याचे काम सुरू केले, तेव्हा डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे इंटरनेटवरील नाव, नोंदवणे ही आमच्या लेखी बिलातली एक किरकोळ बाब होती. त्याच्या आदल्याच वर्षी निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली डॉट इन नावे सर्वांसाठी खुली झाली होती. मार्केट यार्डातील व्यापारी ‘डॉट इन घ्यावे की डॉट कॉम’ एवढेच विचारत, आणि आम्ही एका रजिस्ट्रारचे, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीचे, रीसेलर (तिची सेवा पुढे विकणारे) म्हणून, त्याच्याकडे आगाऊ भरलेल्या रकमेतून, हवे ते नाव मिळवून देत असू.

या साखळीत आपण नेमके कुठे उभे आहोत, हे समजायला काही वर्षे गेली. डॉट कॉम असो वा डॉट इन, प्रत्येकाची मूळ नोंदवही एकच असते आणि ती रजिस्ट्री सांभाळते. डॉट कॉमच्या बाबतीत ती व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी आहे. रजिस्ट्रार मात्र अनेक असतात. नाव मोकळे आहे का, हे ते ईपीपी नावाच्या ठरावीक संगणकीय पद्धतीने रजिस्ट्रीला विचारतात, आणि नोंद होताच त्यांच्या खात्यातून शुल्क वळते होते. विकणारे इतके असूनही एकच नाव दोघांना विकले जात नाही, ते या एका वहीमुळेच. रीसेलरला त्या वहीला हात लावता येत नाही. शिवाय डॉट कॉमच्या रजिस्ट्रीकडे नाव, रजिस्ट्रार, नेमसर्व्हर (त्या नावाचे संकेतस्थळ कुठे आहे ते सांगणारे संगणक) आणि तारखा एवढेच असते. मालक कोण, हे रजिस्ट्रारच्या दप्तरी असते.

ही रचना नीट न समजल्याची किंमत आम्ही 2011 मध्ये मोजली. हळदीच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या डॉट कॉम नावाची मुदत संपत होती. त्यांनी पैसे वेळेवर दिले होते. आम्ही रजिस्ट्रीची नोंद पाहिली, तिथे पुढच्या वर्षाची तारीख दिसली, आणि ‘नूतनीकरण झाले, काळजी करू नका’ असे त्यांना सांगून टाकले. प्रत्यक्षात मुदत संपताच डॉट कॉमची रजिस्ट्री स्वतःहून एक वर्ष वाढवते आणि त्याचे शुल्क रजिस्ट्रारकडून घेते. ग्राहकाचे पैसे आले नाहीत, तर रजिस्ट्रार 45 दिवसांच्या आत नाव खोडून ते शुल्क परत मिळवू शकतो. रजिस्ट्रारकडील आमची शिल्लक अपुरी असल्याने आमची मागणी तशीच पडून होती. ई-पत्रे बंद झाल्याचा त्यांचा फोन आला, तोवर नाव खोडले गेले होते. खोडल्यानंतर मूळ मालकाला ते सोडवून घेण्यासाठी 30 दिवस मिळतात, त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणालाही घेता येते. नेहमीच्या दराच्या कितीतरी पट शुल्क आम्ही पदरचे भरले आणि नाव परत आणले. त्यांच्या दुकानात जाऊन चूक आमची होती हे सांगितले, ते मात्र त्या रकमेपेक्षा अवघड गेले.

तेव्हापासून आम्ही रजिस्ट्रीतील तारखेवर विसंबत नाही. रजिस्ट्रारच्या खात्यातील नोंद आणि पावती दोन्ही पाहतो. दुसरा बदल याहून मोठा होता. सोयीसाठी कित्येक नावे आम्ही स्वतःच्या नावावर घेतली होती, ती सगळी ग्राहकांच्या नावावर केली. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, तसाच तो प्रकार होता. दुसरीकडे असे अडकलेले लोक आजही आमच्याकडे येतात; डिझायनर फोन उचलत नाही, आणि नोंदणीधारक म्हणून दप्तरी त्याचेच नाव असते. अशा वेळी रजिस्ट्रार आपल्या नोंदीतील व्यक्तीचेच ऐकणार, त्यामुळे आम्हालाही फारसे काही करता येत नाही.

कोणाला आमच्याकडून जायचे असेल, तर आम्ही नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू न देणारे कुलूप काढून अधिकृतता कोड त्याच दिवशी देतो. तो कोड नव्या रजिस्ट्रारने रजिस्ट्रीकडे सादर केला, की वहीतील रजिस्ट्रार बदलतो, मालक तोच राहतो. प्रत्येक बिलासोबत आता एक पानही जाते: नोंदणीधारकाचे नाव, रजिस्ट्रार कोण, मुदतीची तारीख, आणि सूचना ज्या ई-पत्त्यावर येतात तो पत्ता. ते पान फाइलला लावण्यापूर्वी वाचून, आपले नाव बरोबर आहे ना, हे ग्राहकाने आमच्यासमोरच पाहावे, असा आमचा आग्रह असतो.