शेजारी एपी असताना आयबी का?

मंडळाच्या गणपतीत प्रसादाची रांग असो की कुणाच्या घरचे हळदीकुंकू, इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीतल्या नववी-दहावीच्या मुलांचे आईवडील मला गाठून एकच गोष्ट विचारतात: शेजारच्या शाळेत एपी असताना तुम्ही मुलीला आयबीलाच का राहू दिले? एपी म्हणजे हवे ते विषय कॉलेजच्या पातळीवर सुटे घेणे, आयबी म्हणजे सहा विषयांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सविस्तर लिहिते.

आमचे घर आयबी शाळेच्या हद्दीत येते. अर्ज करून एपीच्या शाळेत जाता येते, मात्र मग बस मिळत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आपल्या काउंटीत जीपीएसाठी, म्हणजे शाळेतल्या गुणांच्या सरासरीसाठी, दोन्हींना सारखाच वाढीव भार मिळतो. कॉलेजच्या अर्जासोबत काउन्सेलर जो फॉर्म पाठवतो, त्यात मुलाने आपल्याच शाळेतल्या इतरांच्या तुलनेत किती कठीण विषय घेतले हे विचारलेले असते; पलीकडच्या शाळेत काय शिकवतात याच्याशी त्या रकान्याला कर्तव्य नाही. त्यामुळे ‘एपीवाल्यांना प्रवेश लवकर मिळतो’ हे छातीठोक विधान मी कधीच मनावर घेतले नाही. क्रेडिटचे, म्हणजे शाळेतल्या अभ्यासावर कॉलेजातला कोर्स माफ होण्याचे म्हणाल, तर डार्टमथसारख्या कॉलेजने २०१४ साली दाखल झालेल्या वर्गापासून एपीच्या गुणांवर क्रेडिट देणेच बंद केले. कम्युनिटी कॉलेजचे विषय शाळेतूनच घेण्याचा तिसरा मार्ग राज्यातल्या सरकारी विद्यापीठांसाठी सोयीचा आहे, पण बाहेरच्या खासगी विद्यापीठांत ते क्रेडिट चालेलच असे नाही.

हे झाले चारचौघांत द्यायचे उत्तर. खरी गोष्ट फिजिक्सची आहे.

मुलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे होते. आयबी डिप्लोमाच्या सहा विषयांपैकी गणित, फिजिक्स आणि इंग्रजी हे तीन तिने हायर लेव्हलला, म्हणजे वरच्या पातळीला, निवडले. मग शाळेने कळवले की पुरेशी मुले नसल्यामुळे फिजिक्सचा हायर लेव्हलचा वर्ग चालणार नाही. तो विषय स्टँडर्ड लेव्हलला, म्हणजे २४० तासांऐवजी १५० तासांचा घ्यावा आणि त्याच्या जागी हायर लेव्हलला अमेरिका खंडांचा इतिहास घ्यावा. त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर पलीकडच्या शाळेच्या विषयांची यादी पसरली. कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी हे एपीचे कोर्स तिथे दरवर्षी चालत होते. आयबीचे फिजिक्स हायर लेव्हललाही कॅल्क्युलसवाचून होते, फिजिक्स सी मात्र कॅल्क्युलसवरच उभे आहे आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तेच लागते, हे मी तिला पुन्हा पुन्हा समजावले. ट्रान्सफरचा फॉर्म भरलेला होता, फक्त सही राहिली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही. आणि रोज सकाळी तू सोडणार, म्हणजे रोज सकाळी गाडीत हाच विषय.” मी म्हटले, ओळखी होतात गं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “तू इतकी वर्षं इथे आहेस. तुझ्या किती झाल्या?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचा बाबा उठून ताटे विसळू लागला. फॉर्मची मुदत तशीच टळून गेली. तेव्हा, मी तिला आयबीला ठेवले असे जे तुम्ही म्हणता, ते तितकेसे खरे नाही.

पुढे तिने इतिहास मनापासून केला, चार हजार शब्दांचा निबंध पनामा कालव्याच्या मजुरांवर लिहिला, डिप्लोमा मिळवला आणि राज्यातल्याच विद्यापीठात तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तुम्हांला मी नेहमी इथपर्यंतच सांगते. तिथे एपीतून आलेल्या बऱ्याच मुलांनी मेकॅनिक्सचा पहिला कोर्स क्रेडिटवर ओलांडला होता, हिला तो मुळापासून करावा लागला आणि त्या सत्रात ती फोनवर रडली, हे मात्र मी मंडळात कुणाला सांगितलेले नाही.

त्या रात्रीची, यादी पसरून बसलेली मी आज माझ्यासमोर आली, तर म्हणेल, बघ, मी सांगतच होते. आजची मी तिला विचारीन, रोज सकाळी वाद घालत शाळेत सोडलेली मुलगी फिजिक्स सी तरी नीट शिकली असती का? ती म्हणेल, वाद दोन वर्षांत संपला असता, त्या कोर्सची फी मात्र आपण भरली. या तिच्या म्हणण्यावर मला अजून काही सुचलेले नाही. पण तिच्या हाती मी आज सहीसाठी पेन देईन, असेही नाही.

तुमच्या मुलांसाठी एवढेच सांगते: एपी मोठे की आयबी हे मला विचारण्यापेक्षा, छापील यादीतला हवा तो विषय गेल्या वर्षी प्रत्यक्ष चालला का, हे काउन्सेलरला विचारा. आमचा धाकटा पुढच्या वर्षी नववीत जाईल. त्याला एपीच्या शाळेत पाठवावे असे मला वाटते. त्याची ताई म्हणते, त्यालाच ठरवू दे. आणि त्याला विचारावे तर तो म्हणतो, तुम्ही दोघी आधी ठरवा.